तीन हाकांची बॅटरी

आमच्याकडे दिवस बुडाल्यावर कुणी बाहेरून एकदाच हाक मारली तर ओ देत नाहीत. माणूस असेल तर तो पुन्हा मारेल, आणि तिसऱ्यांदाही मारेल. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं आणि मग तुमच्या उत्तराची वाट बघत उभं राहतं.

नातवंडांचा समज आहे की आजी संध्याकाळी बहिरी होते. होऊ दे समज. मी बहिरी नाही, मी हाका मोजते.

ही गोष्ट सासूबाईंनी मला नवी नवरी असताना सांगितली, तेव्हा मी पदराआड हसले होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली मुलगी मी. माहेर यवतमाळात, बाप कचेरीत, आजा कचेरीत. भूत आमच्या आळीत कधी यायचं नाही, बहुधा अर्ज कुठे द्यायचा ते त्याला कळत नसावं. सासर मात्र घाटंजीकडच्या एका गावातलं, कापूस आणि तुरीचं घर. माझ्या नवऱ्याला शेतीपेक्षा रेडिओ उघडून बसायची आवड, म्हणून आम्ही दोघं दिग्रसला राहायचो. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात पत्र्याची शेड भाड्याने घेऊन इमर्जन्सी दिवे, स्टॅबिलायझर असलं काहीबाही बनवायचो. शेडवर पाटी होती आणि पाटीवर 'इंडस्ट्रीज' असं लिहिलेलं होतं. इंडस्ट्रीत आम्ही दोघं आणि सोल्डरिंग करणाऱ्या दोन पोरी. मी बाहेर 'आमचं प्रॉडक्शन' असा शब्द वापरत असे. आज आठवलं की माझा मलाच चिमटा काढावासा वाटतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. त्यांच्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी डुकरांबद्दल लिहिते. कापूस पुरेना तशी लोकांनी वावरं पडीत टाकली. पडीत वावरात झुडपं माजली आणि झुडपांत रानडुकरं. ज्यानं पेरलं त्याच्या शेताला चारी बाजूंनी डुकरांचं गाव. एका रात्रीत कळप शिरला की सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसायचं. म्हणून पीक उभं असेतो रोज रात्री कुणीतरी मचाणावर जागलीला जायचं.

आमच्या घरचे जागले म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. दिसायला किडकिडीत, पण आवाज असा की गावात म्हणायचे, यांनी हाक दिली की डुक्कर पैनगंगा ओलांडूनच मागं वळून बघतं. हाक ठरलेली होती. "हाऽऽऽ! कोन हाय रेऽऽ!" शेवटचा 'रे' ते इतका लांबवायचे की तो ऐकू येणं कधी थांबलं ते सांगता येत नसे.

तर आमच्या इंडस्ट्रीजच्या डोक्यात आलं की हा आवाज यंत्रात भरावा. आवाज साठवणारी चिप तेव्हा मिळायला लागली होती. चिप, भोंगा, थोड्या थोड्या वेळाने आपोआप चालू होणारं सर्किट, आणि बॅटरी. शेतात खांबाला टांगायचं आणि माणसाने घरी झोपायचं. यंत्राचं नाव 'जागल्या'. पहिला जागल्या भासऱ्यांच्याच शेतात लागेल आणि ते मचाणावरून खाली उतरतील, असं ठरलं.

आता एक अडचण. भासऱ्यासमोर धाकट्या सुनेने बोलायचं नाही ही घरची रीत. लग्नाला वर्षं लोटली होती आणि मी त्यांच्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते, त्यांनीही नाही. मी मनातल्या मनात या रीतीला मागासलेली वगैरे म्हणत असे आणि ते अंगणात आले की तंतोतंत पाळत असे. त्यामुळे ते दिग्रसला आमच्या शेडमध्ये आले तेव्हा रेकॉर्डिंग झालं ते असं.

मी यांना म्हणाले, "त्यांना म्हणावं, माइकपासून हातभर लांब उभं राहा."

हे म्हणाले, "दादा, हातभर लांब."

भासरे समोरच्या भिंतीकडे बघून यांना म्हणाले, "तिले सांग, आयकू आलं मले. बहिरा नाई मी."

मग त्यांनी हाक दिली. अशी दिली, जशी दारात पोस्टमन आलाय. पुन्हा घेतली, तेच. शेवटी वैतागून म्हणाले, "चार भिंतीत कोनाले वरडू? समोर डुक्कर पाह्यजे."

आम्ही बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेलो, शेतात उभे राहिलो. तुरी माणसाच्या डोक्याइतक्या उंच होत्या. तरी ते गप्पच. "काही हालून नाई राह्यलं तठी. खोटं खोटं वरडता येत नाई मले." आता यांच्या हातात माइक, त्यामुळे तुरीत शिरून हलवायला उरलं कोण? डिप्लोमा, प्रथम श्रेणी, नवं वॉयलचं पातळ, आणि मी तुरीत ओणवी, दोन्ही हातांनी झाडं हलवत. तोंडाने हुंऽ हुंऽ असा आवाजही काढला, कारण मला काम नीट करायची खोड.

आणि ती हाक आली. "हाऽऽऽ! कोन हाय रेऽऽ!"

घरातून ती मी कितीदा ऐकली होती. पण जिच्यावर ती रोखलेली असते तिला ती वेगळीच ऐकू येते. जिभेच्या टोकावर अगदी आलं होतं की मी आहे, मी. पण टेप चालू होती, आणि समोर भासरे होते. मी ओ गिळली.

बाहेर आले तेव्हा भासऱ्यांची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई, बांधावर म्हणजे धुऱ्यावर पोट धरून हसत होत्या. भासरे यांना म्हणाले, "डुक्कर चांगलं होतं. त्याले चहा पाज." आणि चालायला लागल्यावर मागे न वळता आणखी एक म्हणाले, "हाक तीनदा ठेवजो बाप्पा. एकदाच वरडलं त बायाइले भेव लागन, वावरात पाय नाई ठेवाच्या." मी यांच्या कानात म्हटलं, अंधश्रद्धा. पण तीन हाका ठेवल्या, कारण एका हाकेला डुक्कर नुसतं मान वर करतं, असं मला शास्त्रीय कारण सापडलं होतं.

तीन हाका भोंग्यातून काढायच्या तर ताकद लागते. टॉर्चचे सेल त्याला पुरत नव्हते, आणि मोटारसायकलची बॅटरी जड, पाण्याची, खांबाला उलटीपालटी टांगता येत नाही. हव्या होत्या बंद खोक्यातल्या, पाणी न लागणाऱ्या लहान बॅटऱ्या. आम्हाला परवडतील अशा त्या तेव्हा बाहेरून यायच्या. आम्ही मागवल्या. 'इम्पोर्ट' हा शब्द मी त्या उन्हाळ्यात दिग्रसच्या भाजीवालीलाही ऐकवला. तिने विचारलं, "म्हंजे उधार का वो?"

पेरणीच्या आधी यायच्या होत्या. बोटीने मुंबईला आल्या, तिथून रेल्वेने आमच्या बाजूच्या मोठ्या शहराबाहेरच्या कोरड्या बंदरात, म्हणजे समुद्राशिवायच्या कस्टमच्या तळावर आल्या, आणि तिथे बसल्या. कस्टमचं काम बघायला आम्ही एक एजंट धरला होता. फोन केला की तो म्हणायचा, "मॅडम, बस, हो गया समझो." आम्ही समजत होतो. मग कळलं की शिशाच्या बॅटऱ्या बाहेरून आणायच्या तर आधी सरकारात नोंदणी लागते. जुन्या झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करू असं लिहून द्यावं लागतं. नियम नवा होता आणि आम्हाला तो माहीत नव्हता. कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला की तिसरी त्याला पहिल्या कचेरीकडे पाठवायची. कचेरीवाल्यांची लेक असून मला त्यातलं काही उमगलं नाही, याचा बापाला फार आनंद झाला. म्हणाला, "आता कळलं, आम्ही काय करत होतो ते?"

पाऊस लागला, पेरण्या झाल्या, कापूस गुडघ्याला आला. भासरे मचाणावरच होते. बाजाराच्या दिवशी घाटंजीहून यांना फोन करायचे, "आली का तुही बॅटरी?" हे म्हणायचे, "हो गया समझो, दादा." ते हसायचे. म्हणायचे, "घाई नाई. माहा गया काही सरकारजमा नाई झाला अजून." त्यांच्या बोलीत गया म्हणजे गळा.

पोळा झाल्यावर एका सकाळी ते मचाणावरून उतरले नाहीत. रात्री मण्यार चावली होती. मण्यार चावलेली कळत नाही म्हणतात, झोपेतच माणूस जातं. अंगावर वाकळ तशीच, काठी उशाशी.

बॅटऱ्या आल्या असत्या तर ते त्या रात्री घरी खाटेवर असते. हे वाक्य आमच्या घरात कुणीही कधी उच्चारलं नाही. जेवताना, चहा गाळताना, बसमध्ये, ते वाक्य आमच्याबरोबर असायचं आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो. तेरवीच्या दिवशी एजंटाचा फोन आला. यांनी उचलला, ऐकला आणि ठेवला. मी विचारलंच नाही काय म्हणाला. माहीत होतं.

शेडमध्ये तयार जागले फळीवर ओळीने मांडलेले. प्रत्येकात ते. पोरी चाचणी करायला तयार होईनात. मीही फळीकडे पाठ करून बसायला लागले. एका दुपारी सेल लावून ठेवलेल्या एका यंत्राची तार कुठेतरी टेकली असावी. मागून अचानक "कोन हाय रेऽऽ!" हे सोल्डरिंगची सळई खाली टाकून उठले, "आलो दादा" म्हणाले आणि दारापर्यंत चालत गेले. उंबऱ्यावर थांबले. बाहेर जिनिंगचं रिकामं आवार, ऊन आणि वाळलेलं गवत. मी म्हटलं, "तार टेकली." ते म्हणाले, "हो. तार." पण परत येताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. सासूबाई आधीच गेलेल्या. मुकुटबनहून जाऊबाईंचा भाऊ आला आणि बैठकीत म्हणाला, "बाई एकटी, चौफेर पडीत. डुकरं हाकलन का सैपाक करन? चाल माह्याकडं. वावर देऊन टाकू बटईनं."

जाऊबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी नाई येत."

"अवं, पन जागलीले कोन जाईन?"

"यंदाचं पीक घरात आलं त मी इथंच राहीन. नाई आलं त तुह्या मागं मागं येतो, मुकाट्यानं. मंग त खुश?"

भाऊ माझ्या नवऱ्याकडे बघून हसला, जसं काही सौदा आधीच जिंकलाय. तो वाईट माणूस नव्हता. पण बटईला, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेलं शेत आणि भावाकडे राहायला गेलेली बहीण, दोन्ही परत येत नाहीत, हे त्या घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं.

तो गेल्यावर जाऊबाई मला म्हणाल्या, "काय वो इंजिनेरबाई, तुहं यंत्र लावून दे."

"बॅटरी नाही ना अजून."

"सेलावर नाई चालत?"

मी सांगितलं की सेल लवकर बसतील, एकच हाक ठेवावी लागेल. त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "एक त एक," म्हणाल्या.

लावलं. आम्ही दर आठवड्याला आर्णीवरून बस बदलून सेल घेऊन जायचो. आणि यंत्र चाललं! माझं शास्त्रीय कारण डुकरांनी खोटं पाडलं. त्यांना एक हाक पुरली, कारण हाक भासऱ्यांची होती, डुकरं ती ओळखत होती. गावातली बाकीची पेरलेली शेतं उकरली जायची आणि जाऊबाईंच्या धुऱ्यापाशी कळपाचे माग वळलेले दिसायचे. झाडाला बोंडं धरली, फुटायला लागली.

मग गावात कुजबुज सुरू झाली. माणूस मातीआड गेलेला, आणि दिवेलागणीला त्याच्या शेतातून त्याच्याच आवाजात हाक. एकच. यंत्र आहे हे सगळ्यांनी बघितलं होतं, डबा हाताळला होता, भोंग्यात डोकं घालून झालं होतं. पण यंत्रात आहे कोण, हा प्रश्न उरतोच की. आणि त्यात जाऊबाईंनी जे केलं ते कुणीच करत नाही.

मी एका संध्याकाळी सेल बदलून परतीच्या बसची वाट बघत तिथेच थांबले होते. शेत गावाला लागूनच. जाऊबाई घराच्या मागच्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. दिवस बुडाला. भोंगा बोलला, "हाऽऽऽ! कोन हाय रेऽऽ!" सूप बाजूला ठेवून त्यांनी आवाज चढवला, "मी हावो वो! मीच हावो!" आणि पुन्हा सूप घेतलं.

मी, जिला हे सगळं अंधश्रद्धा वाटायचं, ती मी त्यांच्या हाताला धरून म्हणाले, "पहिल्या हाकेला ओ देऊ नये ना, जाऊबाई! तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं असतं."

त्या म्हणाल्या, "एकदाच त हाक मारते तो. दुसऱ्यांदा मारन याचा काय भरोसा? म्हनून लगेच देतो ओ."

बस आली. मी बसले. खिडकीतून ते शेत काळं होत गेलं आणि वळणावर हाक पुन्हा ऐकू आली. जाऊबाईंनी पुन्हा ओ दिली असणार. ती मला ऐकू आली नाही, आणि ती ऐकू न येणं मला रस्ताभर पुरलं.

दिवाळी आली. शेत पांढरं झालं आणि वेचणीला एकही बाई येईना. मजुरी वाढवून देते म्हटलं, तरी नाही. जुन्या वेचणाऱ्यांत एक म्हातारी होती, सगळ्या बाया तिचं ऐकायच्या. तिने जाऊबाईंना स्पष्ट सांगितलं, "बाई, राग नको मानू. एका हाकेच्या वावरात लेकुरवाळ्या बाया आनू का मी? तीनदा मारू दे त्याले. येतो आमी."

यंत्र काढावं तर डुकरं. ठेवावं तर बाया नाहीत. जाऊबाई एकट्या सकाळपासून ओटी बांधून वेचायच्या. एकटी बाई किती वेचणार? फुटलेला कापूस दवाने भिजून लोंबायला लागला. मुकुटबनहून निरोप आला की भाऊ बैलगाडी नाही, टेम्पोच घेऊन येतोय, सामान बांधून ठेव.

आम्ही दोघं कोरड्या बंदरात गेलो. बंदर म्हटल्यावर निदान वारा असेल असं मला वाटलं होतं. रूळ होते, लोखंडी पेट्यांचे डोंगर होते, आणि धूळ. आमच्या पेट्या पत्र्याच्या गोदामाबाहेर उन्हात होत्या. साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी आमचे कागद काढले. वापराच्या रकान्यात मी मोठ्या झोकात लिहिलं होतं 'इलेक्ट्रॉनिक जागल्या'.

"जागल्या म्हणजे काय? खेळणं आहे?"

"नाही. शेताची राखण."

"नमुना आणलाय?"

आणला होता. यांनी टेबलावर ठेवला, सेल घातले, आणि बटण माझ्याकडे सरकवलं. त्यांना दाबवेना. मी दाबलं.

पत्र्याच्या गोदामात तो आवाज शेतातल्याहून मोठा झाला. छपराला जाऊन आदळला आणि परत आला. लांब पेट्या उतरवणारे हमाल जिथल्या तिथे थांबले. त्यातला एक आमच्याकडचाच असावा, त्याने पाठीवरच्या ओझ्यासकट मान वळवून ओरडून सांगितलं, "मी हावो, भाऊ! माल उतरवून राह्यलो!" बाकीचे हसले. साहेबही हसले. म्हणाले, "आवाज दमदार आहे. कुणाचा?"

हे म्हणाले, "माझ्या मोठ्या भावाचा."

"त्यांनाच आणायचं होतं बरोबर."

यांनी डब्यातले सेल काढायला घेतले. साहेबांनी आमच्याकडे बघितलं, मग डब्याकडे बघितलं, आणि टेबलावरचा हात हळूच मागे घेतला. म्हणाले, "नोंदणीचा कागद मात्र लागेलच. त्याशिवाय मला सोडता येणार नाही." हे खरंच होतं. पण त्यांनी कोणत्या कचेरीत कोणत्या टेबलावर तो अडलाय ते स्वतः फोन लावून विचारलं आणि मला चिठ्ठीवर लिहून दिलं. एवढं काम एजंटाने पावसाळाभर केलं नव्हतं. त्या टेबलासमोर मी दोन दिवस ठाण मांडून बसले. बापाचा सल्ला होता, "भांडू नकोस. समोर बस आणि डबा उघडून जेव. बाई समोर जेवत बसली की साहेबाचं लक्ष लागत नाही." मी जेवले. कागद मिळाला.

पेट्या दिग्रसला आल्या आणि आम्ही शेडचं दार लावून त्या उघडल्या. या बॅटऱ्या पडून राहिल्या, अधूनमधून चार्ज झाल्या नाहीत, की आतून मरतात. वर काही दिसत नाही. नवी, चकचकीत, हातात जड, आणि आत कुणी नाही. एकेक लावून बघत होतो आणि एकेक बाजूला ठेवत होतो. बहुतेक गेलेल्या. काहींवर भोंगा लागला पण आवाज चिरका, तुटलेला, "कोन हा…" एवढंच आणि मग खरखर. हे प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचे. माझ्या इम्पोर्टच्या ढिगातून धडधाकट निघाल्या त्या एका पिशवीत मावल्या. इंडस्ट्रीज तिथेच बुडाली, पण त्या दिवशी ते आमच्या लक्षातही आलं नाही. आम्हाला एकच बॅटरी हवी होती.

भाऊ टेम्पो घेऊन येण्याच्या आदल्या संध्याकाळी ती शेतात लावली. म्हातारी आणि तिच्या बाया धुऱ्यावर ओळीने उभ्या होत्या, पदर तोंडावर. जाऊबाई मागच्या दाराशी.

पहिली हाक आली. धुऱ्यावर कुणी हललं नाही. दुसरी आली. एका बाईने दुसरीचा हात धरला. मग जरा थांबून, जसं आम्ही ठरवलं होतं तसं, तिसरी आली, लांबलचक 'रे' सकट. म्हातारीने तोंडावरचा पदर काढला.

"मानूस हाय," ती म्हणाली. "चाला. सकाळी लवकर या गं सगळ्या."

मी वळून घराकडे बघितलं. जाऊबाई दारात उभ्या होत्या. तिन्ही हाका त्यांनी ऐकल्या होत्या. ओठ हलले नाहीत. आत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला तेव्हा शेत बायांनी भरलेलं होतं. त्याला चहा दिला, दुपारचं जेवण दिलं, आणि टेम्पोतून कापसाची गाठोडी घरी आणायला लावली. तो बिचारा गुपचूप आणत होता. जाऊबाई राहिल्या. नंतरही त्या त्याच घरात राहिल्या, अगदी शेवटपर्यंत.

पण गोष्ट इथे संपवली तर जाऊबाई मला सोडायच्या नाहीत.

होळीच्या सुमारास त्या एकट्याच बसने दिग्रसला आल्या. शेडमध्ये आम्ही पुन्हा स्टॅबिलायझर बनवत होतो. त्यांनी पिशवीतून दुपट्ट्यात गुंडाळलेला डबा काढून टेबलावर ठेवला.

"याच्यातल्या दोन हाका काढून टाक."

"काहून?" 'का' ऐवजी माझ्याही तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

"वेचनी झाली. बायाइचं काम झालं आता."

"पण लोक पुन्हा म्हणतील..."

"म्हनू दे. त्यानं मले जल्मात कधी तीनदा हाक नाई मारली. एकदा मारे, मी जाओ. हा तीनदा वरडनारा माह्या घरचा नाई."

यावर कोणतं शास्त्र काढणार? मी डबा उघडला. त्या स्टुलावर बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. दोन तारा कापल्या, एक जोडली. झाकण लावायच्या आधी बघायला म्हणून बटण दाबलं.

"हाऽऽऽ! कोन हाय रेऽऽ!"

एकच. मग शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज. आणि ते वाट बघणं मला पहिल्यांदा कळलं. ते हाक मारणाऱ्याचं असतं असं मी समजत होते. ते आपलंही असतं.

जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं. "दे ना ओ."

"मी?"

"त मंग कोन? तुलेच इचारून राह्यला ना तो. तुरीत तूच होती."

मी हातातली पक्कड खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला. का घेतला विचारू नका, हात आपोआप गेला. आणि भासऱ्यांशी आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले.

"डुक्कर हाय, भाऊजी."

जाऊबाई हसत फुटल्या. पोट धरून, धुऱ्यावर हसल्या होत्या तशा. हसता हसता डोळे पुसले, नाक पुसलं, डबा दुपट्ट्यात गुंडाळला. आर्णीची बस सुटायची होती. दारातून वळून म्हणाल्या, "हो गया समझो," आणि गेल्या.